दोनदा जिंकलेल्या टॉम फ्लोरेस यांना ३७ वर्षे का थांबावे लागले?

१/ २५ जानेवारी १९८१. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे सुपरडोम हे बंदिस्त मैदान. इराणमध्ये ४४४ दिवस ओलीस राहिलेल्या ५२ अमेरिकनांची सुटका होऊन पाचच दिवस झाले होते, आणि त्या आनंदात या वास्तूवर एक अवाढव्य पिवळी फीत बांधली होती. आत ओकलंड रेडर्स संघाने फिलाडेल्फिया ईगल्सचा २७–१० असा पराभव करून पंधरावा सुपर बोल जिंकला.

२/ त्या संध्याकाळी सर्वांचे लक्ष मात्र सामन्यानंतरच्या एका हस्तांदोलनाकडे लागले होते. रेडर्सचे मालक अल डेव्हिस आणि नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्यात संघ लॉस एंजेलिसला हलवण्यावरून न्यायालयीन वाद पेटलेला होता. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच हाती चषक देण्याची वेळ रोझेल यांच्यावर आली. तो देणे-घेण्याचा क्षण आजही वारंवार दाखवला जातो.

३/ या प्रसंगात तिसरा एक माणूस होता. संघाचे मुख्य प्रशिक्षक टॉम फ्लोरेस. ते मेक्सिकन वंशाच्या शेतमजूर कुटुंबात वाढलेले आणि पूर्वी याच संघाचे क्वार्टरबॅक होते. अल्पसंख्याक समाजातून आलेल्या मुख्य प्रशिक्षकाने सुपर बोल जिंकण्याची ही पहिलीच वेळ. तीन वर्षांनी त्यांनी तो पुन्हा जिंकला. तरीही हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. असे का झाले, याचा हा धागा.

४/ प्रथम खेळाविषयी थोडेसे. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक डावपेचाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. तो दुसऱ्याकडे सोपवायचा, दूर फेकायचा की स्वतः घेऊन धावायचे, हा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचणे हे त्याचे खरे काम. त्यामुळे निवृत्त क्वार्टरबॅक प्रशिक्षक होणे ही या खेळातील जुनी वाट आहे.

५/ फ्लोरेस यांचा जन्म २१ मार्च १९३७ रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे झाला आणि बालपण जवळच्या सँगर गावच्या परिसरात गेले. हा सेंट्रल व्हॅलीचा, म्हणजे द्राक्षांचा, बेदाण्यांचा आणि फळबागांचा प्रदेश. येथील पिके मुख्यतः स्थलांतरित मजुरांच्या हातांनी वेचली जात, आणि त्या मजुरांत मेक्सिकन कुटुंबांचा वाटा मोठा होता. फ्लोरेस स्वतःही लहानपणी शेतात राबले.

६/ त्यांच्या जन्माचा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९२९ नंतरच्या महामंदीत लाखो मेक्सिकन वंशीयांना अमेरिकेतून मेक्सिकोकडे धाडण्यात आले. त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही मोठ्या संख्येने होते. पुढे महायुद्धामुळे मजूर कमी पडू लागताच १९४२ मध्ये ‘ब्रासेरो’ करार करून मेक्सिकोतून पुन्हा मजूर बोलावले गेले. गरज असेल तेव्हा हाक, नसेल तेव्हा हकालपट्टी, अशा दशकांत हा मुलगा वाढला.

७/ जनगणनेचा दाखला याहून बोलका आहे. १९३० च्या अमेरिकन जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदवला गेला. १९४० मध्ये ती नोंद काढून टाकण्यात आली. सर्व नागरिकांना हिस्पॅनिक मूळ विचारणारा प्रश्न आला तो थेट १९८० मध्ये. म्हणजे ज्या हंगामात फ्लोरेस यांनी पहिला सुपर बोल जिंकला, त्याच वर्षी त्यांच्या समाजाला देशाच्या खानेसुमारीत पूर्ण रकाना मिळाला. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

८/ फ्रेस्नो सिटी कॉलेज आणि मग स्टॉकटनचे कॉलेज ऑफ द पॅसिफिक, अशा मार्गाने फ्लोरेस व्यावसायिक खेळाच्या दाराशी पोहोचले. दार मात्र लगेच उघडले नाही. १९५८ मध्ये कॅनडातील कॅल्गरी संघात आणि १९५९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघात त्यांना जागा मिळू शकली नाही. खांद्याच्या दुखापतीने अडचण आणखी वाढवली होती. बहुतेकांची कारकीर्द येथेच संपते.

९/ त्यांना संधी दिली ती एका बंडाने. टेक्सासचे तरुण धनिक लमार हंट यांना जुन्या लीगमध्ये संघ मिळेना, म्हणून त्यांनी इतरांना सोबत घेऊन अमेरिकन फुटबॉल लीग ही नवी स्पर्धाच उभी केली. १९६० मध्ये ती आठ संघांनिशी सुरू झाली. मिनिॲपोलिसच्या गटाने ऐनवेळी माघार घेतल्यामुळे आठवी जागा ओकलंडला मिळाली. संघ इतक्या घाईत उभा राहिला की खेळाडू जमवणे हेच मोठे काम होते.

१०/ नव्या संघाला क्वार्टरबॅक हवा होता आणि फ्लोरेस यांना संघ. पहिल्याच हंगामात अचूक पासांच्या प्रमाणात ते लीगमध्ये अव्वल ठरले (५४ टक्के). अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील पहिले हिस्पॅनिक क्वार्टरबॅक म्हणून आज त्यांची नोंद होते. त्या काळी या गोष्टीचा फारसा गाजावाजा झाला नाही. होणार तरी कसा? मोजणारा रकानाच अस्तित्वात नव्हता.

११/ १९६२ मध्ये क्षयाच्या आजाराने त्यांचा संपूर्ण हंगाम गेला. त्या वर्षी रेडर्सची अवस्था दारुण झाली: १४ सामन्यांत एकच विजय. १९६३ मध्ये दोन माणसे संघात आली. एक, आजारातून उठलेले फ्लोरेस. दुसरे, ३३ वर्षांचे नवे प्रशिक्षक अल डेव्हिस. त्या वर्षी संघाने १४ पैकी १० सामने जिंकले, आणि हंगामाच्या अखेरच्या सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध फ्लोरेस यांनी सहा टचडाउन पास फेकले. निकाल होता ५२–४९.

१२/ १९६७ मध्ये रेडर्सनी त्यांना बफेलो संघाकडे देऊन बदल्यात डॅरिल लमोनिका यांना घेतले. त्याच हंगामात रेडर्स सुपर बोलपर्यंत पोहोचले. फ्लोरेस बफेलोत आणि नंतर कॅन्सस सिटी चीफ्समध्ये राखीव क्वार्टरबॅक म्हणून राहिले. अमेरिकन फुटबॉल लीगच्या दहाही वर्षांत टिकून राहिलेले खेळाडू अवघे वीस. फ्लोरेस त्यांतले एक.

१३/ ११ जानेवारी १९७० रोजी कॅन्सस सिटीने मिनेसोटा व्हायकिंग्जला २३–७ असे हरवून चौथा सुपर बोल जिंकला. विजेत्यांच्या बाकावर लेन डॉसन यांचे राखीव म्हणून फ्लोरेस बसले होते. पराभूत संघाचे मुख्य क्वार्टरबॅक होते जो कॅप, तेही मातृकुळाकडून मेक्सिकन वंशाचे. एकाच अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना असे दोन क्वार्टरबॅक असणे ही केवढी मोठी घटना! पण ती घटना म्हणून पाहायला अजून बराच काळ जायचा होता.

१४/ फ्लोरेस यांच्या खेळाचा जमाखर्च मांडायचा तर ११,९५९ यार्ड, ९३ टचडाउन पास, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडलेले ९२ पास. चांगला, चिवट खेळाडू, महान नव्हे. ही गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. त्यांच्या थोरवीचा दावा उभा राहतो तो मैदानाच्या कडेला उभे राहून केलेल्या कामावर.

१५/ १९७१ मध्ये बफेलोत सहायक आणि १९७२ पासून ओकलंडमध्ये जॉन मॅडन यांचे सहायक, अशी त्यांची उमेदवारी झाली. जानेवारी १९७७ मध्ये मॅडन यांच्या संघाने अकरावा सुपर बोल जिंकला तेव्हा फ्लोरेस प्रशिक्षकवर्गात होते. १९७८ च्या हंगामानंतर मॅडन निवृत्त झाले आणि डेव्हिस यांनी मुख्य प्रशिक्षकपद फ्लोरेस यांच्याकडे सोपवले.

१६/ येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. समाजमाध्यमांवर फ्लोरेस यांना ‘पहिले लॅटिनो मुख्य प्रशिक्षक’ म्हटलेले अनेकदा दिसते. ते चूक आहे. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे जन्मलेले टॉम फिअर्स १९६७ मध्येच न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे पहिले मुख्य प्रशिक्षक झाले होते. फ्लोरेस पहिले ठरतात ते सुपर बोल जिंकण्यात. गौरव करताना वस्तुस्थिती वाकवण्याची गरज नसते, आणि वाकवली तर खरा दावाही संशयास्पद होतो.

१७/ आता १९८० चा हंगाम. रेडर्सनी आपले लाडके क्वार्टरबॅक केन स्टेबलर ह्यूस्टनला देऊन डॅन पास्तोरिनी यांना घेतले. पाचव्या सामन्यात पास्तोरिनी यांचा पाय मोडला. त्यांच्या जागी उतरलेल्या जिम प्लंकेट यांचे पाच पास त्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडले. सामना गेला. पाच सामन्यांत दोन विजय, मुख्य खेळाडू जायबंदी, बदली खेळाडू ३२ वर्षांचा आणि इतर संघांनी टाकून दिलेला.

१८/ प्लंकेट यांचीही कहाणी सेंट्रल व्हॅलीच्या जवळून जाणारी. मेक्सिकन-अमेरिकन कुटुंब, आई अंध, वडिलांची दृष्टीही अधू. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळताना १९७० ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान त्यांनी मिळवला होता. नंतर न्यू इंग्लंड आणि सॅन फ्रान्सिस्को येथे मार खात खात त्यांचा उमेद आणि शरीर दोन्ही खचले. १९७८ मध्ये रेडर्सनी त्यांना घेतले आणि बाकावर बसवून सावरू दिले.

१९/ त्या पाच चुकांनंतर दुसरा प्रशिक्षक काय करता? फ्लोरेस यांनी प्लंकेट यांच्यावरचा भरवसा कायम ठेवला. राखीव क्वार्टरबॅक म्हणून बाकावर वर्षे काढलेल्या माणसाला बाकावरून अचानक उठवलेल्या खेळाडूची अवस्था ठाऊक असणारच. उरलेल्या अकरा सामन्यांपैकी नऊ रेडर्सनी जिंकले. बाद फेरीत त्यांनी प्रथम स्टेबलर यांच्याच ह्यूस्टनला नमवले, मग गोठवणाऱ्या थंडीत क्लीव्हलंडला १४–१२ आणि त्यानंतर सॅन डिएगोला ३४–२७.

२०/ अंतिम सामन्यात ज्या फिलाडेल्फियाशी गाठ पडली, त्यांनी नोव्हेंबरमध्ये याच रेडर्सना १०–७ असे हरवताना प्लंकेट यांना आठ वेळा जमिनीवर लोळवले होते. जानेवारीत प्लंकेट यांनी तीन टचडाउन पास फेकले आणि सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. वाइल्ड कार्डने, म्हणजे गटविजेतेपद न मिळवता, बाद फेरीत आलेला संघ सुपर बोल जिंकण्याची ती पहिलीच खेप होती. दोन महिन्यांत त्याच संघाविरुद्ध निकाल उलटवणे हे प्रशिक्षकाचे काम असते.

२१/ या विजयाने फ्लोरेस यांनी आणखी एक नोंद केली. खेळाडू म्हणून आणि मुख्य प्रशिक्षक म्हणूनही सुपर बोल जिंकणारे ते पहिले. सहायक प्रशिक्षक म्हणून मिळालेले विजेतेपद धरले तर तिन्ही भूमिकांत जिंकणारेही पहिलेच.

२२/ दुसरा विजय २२ जानेवारी १९८४ चा, टॅम्पा येथे. संघ तोवर लॉस एंजेलिसला गेला होता. समोर गतविजेता वॉशिंग्टन. त्यांनी त्या हंगामात ५४१ गुण करून लीगचा विक्रम केला होता आणि ऑक्टोबरमध्ये रेडर्सना ३७–३५ असे हरवलेही होते. अंतिम सामन्याचा निकाल: रेडर्स ३८, वॉशिंग्टन ९. मार्कस ॲलन यांची ७४ यार्डांची धाव आजही दाखवली जाते.

२३/ म्हणजे १९८० ते १९८३ या चार हंगामांचे विजेते प्रशिक्षक असे: फ्लोरेस, बिल वॉल्श, जो गिब्स, फ्लोरेस. वॉल्श १९९३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले, गिब्स १९९६ मध्ये. फ्लोरेस यांचे पूर्वसूरी मॅडन २००६ मध्ये गेले, मालक डेव्हिस १९९२ मध्ये. फ्लोरेस २०२१ मध्ये. त्या वेळी त्यांचे वय ८४ होते.

२४/ या विलंबाचे एकच सरळ उत्तर देण्याचा मोह होतो: वंशभेद. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी विरुद्ध बाजूचे पुरावे मांडावेत. वॉल्श आणि गिब्स यांनी प्रत्येकी तीन सुपर बोल जिंकले, फ्लोरेस यांनी दोन. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉर्ज सायफर्ट यांनीही मुख्य प्रशिक्षक म्हणून दोन जिंकले होते, विजयांची टक्केवारी फ्लोरेस यांच्याहून सरस होती, आणि २०२१ मध्ये तेही बाहेरच होते. दोन विजेतेपदे म्हणजे आपोआप प्रवेश, असा नियम कधीच नव्हता.

२५/ दुसरा विरुद्ध पुरावा सिॲटलचा. १९८७ च्या हंगामानंतर रेडर्सचे प्रशिक्षकपद सोडल्यावर फ्लोरेस सिॲटल सीहॉक्सच्या व्यवस्थापनात गेले आणि १९९२ मध्ये त्यांनी तेथे प्रशिक्षकपद घेतले. पहिल्या वर्षी २ विजय, १४ पराभव. सबंध हंगामात संघाचे गुण फक्त १४०. पुढची दोन्ही वर्षे ६–१०. रेडर्सबरोबरची ८३–५३ ही कामगिरी सिॲटलमुळे एकूण ९७–८७ अशी दिसू लागली. शेवटची आठवण कडू असली की आधीची गोडी विसरली जाते.

२६/ हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरीही ते पुरेसे नाहीत. बाद फेरीत फ्लोरेस यांनी ११ पैकी ८ सामने जिंकले. हे प्रमाण वॉल्श आणि गिब्स यांच्या प्रमाणापेक्षा किंचित सरसच भरते. २०२० मध्ये लीगच्या शताब्दीनिमित्त विशेष समितीने दोन प्रशिक्षक निवडले: बिल काउअर आणि जिमी जॉन्सन. काउअर यांच्या खात्यात एक सुपर बोल होता. दोघेही पात्र, यात शंका नाही. दोघेही त्या काळी दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर दिसणारे, हेही खरे.

२७/ खरा अडथळा श्रेयाच्या वाटपात होता. रेडर्सच्या इतिहासाचे सर्वमान्य कथानक अल डेव्हिस यांच्याभोवती रचलेले आहे. खेळाडू त्यांनी निवडले, शैली त्यांनी ठरवली, लीगशी ते भांडले. या कथानकात प्रशिक्षक म्हणजे मालकाची इच्छा मैदानावर उतरवणारा कारभारी. इतिहासलेखनात ज्याला थोर पुरुषाचा सिद्धान्त म्हणतात, त्याचाच हा क्रीडा-अवतार.

२८/ पण हेच कथानक मॅडन यांना का लागू झाले नाही? त्यांचेही मालक डेव्हिसच होते. मॅडन यांचा साखळीतील विक्रम (१०३–३२–७) अर्थातच असामान्य होता. त्याखेरीज ते हातवारे करीत, आरडाओरडा करीत, नंतर समालोचक झाले, आणि त्यांच्या नावाचा व्हिडिओ गेम घराघरांत गेला. लोकांना त्यांचे कर्तृत्व आधी डोळ्यांनी दिसले आणि मग आकड्यांत सापडले.

२९/ फ्लोरेस यांचे टोपणनाव होते ‘आइसमॅन’. मैदानाच्या कडेला हात बांधून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते उभे राहत. याच शांततेने प्लंकेट यांना सावरले, याच शांततेने सामने उलटवले गेले. आणि याच शांततेचा अर्थ पाहणाऱ्यांनी असा लावला की निर्णय दुसरीकडेच होत असावेत. गोऱ्या प्रशिक्षकाच्या मौनाला ‘खोल विचार’ म्हटले जाण्याची उदाहरणे या खेळात आहेत. डॅलसच्या टॉम लँड्री यांची निश्चल मुद्रा तर दंतकथा झाली.

३०/ येथे वंशाचा प्रश्न परत येतो, पण वेगळ्या रूपाने. कुणी मतपत्रिकेवर ‘मेक्सिकन नको’ असे लिहिले, असा दावा करण्याची गरज नाही. शेतमजुरांच्या वसाहतीतून आलेला अबोल माणूस हुकूम पाळणारा असणार, ही धारणा बोलून दाखवावी लागत नाही. ती श्रेय वाटताना आपोआप काम करते. तिच्याविरुद्ध लिखित पुरावा सापडत नाही, म्हणून ती नव्हतीच असेही सिद्ध होत नाही. प्रामाणिक निष्कर्ष इतकाच: कारणे अनेक होती, आणि ही त्यांपैकी एक असण्याची शक्यता दाट आहे.

३१/ ‘पहिला’ या शब्दाचेही राजकारण समजून घ्यावे. १९८१ च्या त्या संध्याकाळी फ्लोरेस पहिले होते, पण त्या पहिलेपणाला समाजात नाव मिळू लागले होते ते नुकतेच. जनगणनेचा रकाना जेमतेम एका वर्षाचा. कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या बाबतीत १९२१ चे फ्रिट्झ पोलार्ड, १९८९ चे आर्ट शेल, २००७ मध्ये सुपर बोल जिंकणारे टोनी डंजी अशी एक साखळी लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. फ्लोरेस यांना अशी साखळीच मिळाली नाही, म्हणून त्यांचे पहिलेपण सुटे पडून राहिले.

३२/ योगायोग म्हणजे आर्ट शेल हे फ्लोरेस यांच्याच संघात आधी खेळाडू आणि १९८३ पासून सहायक प्रशिक्षक होते. आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक फ्लोरेस यांच्या हाताखाली घडले. या गोष्टीचे श्रेयही बहुधा डेव्हिस यांच्या खात्यात जमा होते. नेमणूक करणाऱ्याचा वाटा नाकारू नये. शिकवणाऱ्याचा वाटा विसरू नये.

३३/ याचा आजशी संबंध काय? मुख्य प्रशिक्षक नेमताना मालक ‘नेतृत्वाचे व्यक्तिमत्त्व’ पाहतात. अल्पसंख्याक उमेदवारांची निदान मुलाखत तरी व्हावी म्हणून लीगला २००३ मध्ये ‘रूनी नियम’ करावा लागला. फ्लोरेस यांच्यानंतर लॅटिनो वंशाचे रॉन रिव्हेरा २०१६ मध्ये कॅरोलायना संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेले, पण तो सामना त्यांनी गमावला. नेता कसा दिसतो याविषयीची आपली ठोकळेबाज कल्पना तपासली नाही, तर मुलाखत होईल, नेमणूक होणार नाही.

३४/ २०२१ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतील कँटन येथे फ्लोरेस यांचा समावेश झाला. तोवर अल डेव्हिस यांचे निधन होऊन जवळपास दहा वर्षे लोटली होती. दोन्ही अंतिम सामने जिंकून देणारे जिम प्लंकेट त्या दिवशीही हॉल ऑफ फेमच्या बाहेरच होते. उशिरा मिळालेला सन्मान गोड असतोच. पण या विलंबाची भरपाई त्याने होते, असे मानणे म्हणजे निवड करणाऱ्यांना फार स्वस्तात सोडणे होय.

३५/ सँगरच्या शाळेने मात्र कँटनची वाट पाहिली नाही. तेथील हायस्कूलच्या मैदानाला टॉम फ्लोरेस यांचे नाव आहे. द्राक्षबागांमधून येणारी मुले त्या मैदानावर सराव करतात. त्यांना अल डेव्हिस आणि पीट रोझेल यांच्या भांडणाशी कर्तव्य नाही. सुपर बोलचा चषक उचललेला माणूस आपल्याच गावातून गेला, हे त्यांना ठाऊक आहे. १९८१ च्या त्या चित्राचे वाचन त्यांनी पहिल्यापासून बरोबर केले होते.

(धागा समाप्त)

#इतिहास #मराठी #क्रीडेतिहास #टॉमफ्लोरेस